काडी अजून पुलावर

“दादा, मी अजून मेले नाहीये.”

हा आवाज सात-आठ वर्षांच्या मुलीचा. चोंदलेल्या नाकातून आलेला आणि तरीही हट्टाचा. ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली आहे, दूरच्या एका बंदराच्या गावी राहते, आणि फोनवर हवापाणी, औषधपाणी विचारून झालं की “बरं, ठेवते” म्हणते. पण तिच्या कवळीवाल्या दादाच्या कानात राहिलाय तो तेव्हाचाच आवाज. संध्याकाळी तो कामाचं टेबल पुसतो, ओल्या फडक्यानं प्लास्टरची भुकटी कडेला ओढतो, आणि शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसं त्याला ऐकू येतं, दादा, मी अजून मेले नाहीये.

तेव्हा मेला होता तो तिचा गडी. गडी म्हणजे खेळातला माणूस. फासे टाकायचे, पडतील त्या आकड्यांनी एक माणूस जन्माला घालायचा, कागदावर लिहायचा, आणि मग त्याला एका गोष्टीत सोडायचं. गोष्ट एकानं सांगायची. “समोर दार आहे, दारामागे काहीतरी खरवडतंय.” बाकीच्यांनी आपापल्या गड्याच्या तोंडून बोलायचं. मी दार उघडतो. मी आधी कान लावते. पुढे काय होईल ते थोडं सांगणाऱ्याच्या हाती, थोडं फाशांच्या.

सांगणारा दादा. तेव्हा तो विशीतला, एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायला शिकत होता. या खेळाचं एक पातळसं पुस्तक त्या दंतवैद्याच्या कपाटात कुणीतरी विसरून गेलं होतं, ते त्यानं मागून घेतलं. घरी आणलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर प्लास्टरचं घमेलं कलंडलं. माणूस कसा घडवायचा ती पानं तेवढी वाचली. लढाईची सगळी पानं एकमेकांना अशी चिकटली की त्यांची वीट झाली. दादानं सुरी लावून पाहिली, वाफ देऊन पाहिली. उघडली ती नाहीच. म्हणून या घरात लढाईचे नियम घरचेच.

पहिल्याच लढाईत बारकीचा गडी पडला. बारकी म्हणजे ही धाकटी बहीण. तिचा गडी पडला, दादा म्हणाला, “संपलं, मेला,” आणि तिनं ते वाक्य म्हटलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हटलं. डोळे भरलेले, पण पाणी खाली पडू देत नव्हती.

दादाला कसंसंच झालं. “बरं,” तो म्हणाला. “शेवटचं काहीतरी बोल, मग मर. बोलेपर्यंत मरण नाही.”

मग काय, बारकी बोलतच सुटली. मांजराचं झालं, शाळेतल्या बाकाचं झालं, बाटलीच्या गळक्या बुचाचं झालं. जेवायची वेळ टळून गेली तरी गडी काही मरेना. शेवटी खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसलेली आई पाय न थांबवता म्हणाली, “एकच वाक्य. आणि खरं. आधी कुणाला सांगितलं नसेल असं.”

बारकी गप्प झाली. मग खाली बघून म्हणाली, “शाळेत माझ्या डोळ्यात खडू जात नाही, मी रडते.”

आईचं यंत्र थांबलं. आणि गडी मेला.

असा तो नियम झाला. शेवटचं वाक्य सांगितल्याशिवाय या घरात कुणाला मरता येत नाही.

---

फासे दादानंच केलेले. कवळीच्या उरलेल्या मालाचे, हिरडीच्या रंगाचे, आणि ठिपक्यांच्या जागी दातांची पांढरी पूड भरलेली. हातात घेतले की गुळगुळीत, किंचित ओलसर वाटायचे. “कुणाच्या तरी तोंडातून काढल्यासारखे,” असं टपालराव पहिल्यांदा म्हणाले आणि त्यांनी हात पॅन्टला पुसले.

टपालराव म्हणजे पोस्टमन. दादापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. गावोगावचे दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे खोक्यात घालून पाठवायचे, ते आणून द्यायचं काम त्यांचं. “मी लोकांचे जबडे घेऊन फिरतो आणि कुणी हसत नाही,” असं ते म्हणायचे. एकदा खोकं द्यायला आले तेव्हा टेबलावर फासे, चिठ्ठ्या आणि प्लास्टरची बोटभर उंचीची माणसं मांडलेली. विचारलं, हे काय? बारकीनं त्यांना बसवलं आणि फासे हातात दिले.

गडी काढायचा नियम मात्र पुस्तकातला, जसाच्या तसा. तीन फासे, सहा वेळा, ओळीनं. पडलं ते त्या जागी लिहायचं. बळाचं बुद्धीला द्यायचं नाही, रूपाचं तब्येतीला द्यायचं नाही. बारकी सारखी भांडायची, म्हणून आईनं यंत्राच्या ठेक्यावर तिला एक गाणं लावून दिलं होतं:

पहिल्या फेकीला बळ गं, दुसरीला बुद्धी,
तिसरीला समज गं, तीच आपली शुद्धी,
चौथीला चपळाई, पाचवीला तब्येत,
सहावीला रूप गं, घे आपल्या ओंजळीत.

गाणं म्हणत फासे टाकले की भांडण व्हायचं नाही. जे आलं ते ओंजळीत.

टपालरावांना बळ आणि तब्येत ढीगभर पडली आणि बुद्धी इतकी कमी की दार ढकलायचं की ओढायचं, हेही दुसऱ्यानं सांगावं. गड्याचं नाव पडलं भोपळा. लढाईत ढाल मोडू दिली तर वार वाया जातो, असा आणखी एक घरचा नियम होता: ढाल जाते, जीव राहतो. टपालरावांनी लगेच भोपळ्याच्या पाठीला पाच ढाली बांधल्या.

“योद्धा आहे का भांड्यांचं दुकान?” बारकी म्हणाली.

“तुला काय होतंय? मी माझ्या पैशानं घेतल्यात.”

“चालताना वाजतील. मी चोरपावलांनी पुढे जाणार आणि मागून हे खणखणत येणार.”

ढाल एकच, असं त्या दिवशी ठरलं.

बारकी मोठी होत गेली तसे तिचे गडी बदलले, पण सगळ्यात टिकली ती काडी. बळ चार. तीन फाशांत यापेक्षा कमी पडायचं म्हणजे तिन्ही एक्के. पण चपळाई अशी की कुलपं तिच्या सावलीनं उघडावीत. प्लास्टरची काडी दादानं इतकी बारीक कोरली की तिला उभं करायला पायाखाली मेणाचा थेंब लावावा लागायचा.

सांगणाऱ्याला स्वतःचा गडी नसतो. दादानं तरी एक ठेवला होता: दिवट्या. तळघरात अंधार, कुणीतरी दिवा धरायला हवा, म्हणून भाड्यानं घेतलेला माणूस. त्याचा जीव एकच, फुंकर मारली तर विझेल इतका. आणि भाड्याच्या माणसाबद्दल नियम होता की तो लढत नाही, बोलत नाही, उजेड तेवढा धरतो. दादानं त्याला हात नीट दिले, मशाल दिली, पण तोंड कोरलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं करून कंटाळा आला असेल, असं टपालराव म्हणायचे.

आई गेली तेव्हा बारकी शाळेतच होती. यंत्र खिडकीपाशी तसंच राहिलं. दादानं दंतवैद्याची नोकरी सोडून घरातच काम थाटलं, म्हणजे पोरगी घरी येईल तेव्हा घरात कुणी असेल. पुढच्या खोलीत काम, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक अरुंद बोळ. रविवारी दुपारी टेबलावरचे जबडे बाजूला सरकवायचे आणि खेळ मांडायचा. तिघंच. भोपळा, काडी आणि दिवा धरणारा.

---

तो रविवार पुलाचा होता. तळघराच्या खाली आणखी एक तळघर, त्यात काळं पाणी, पाण्यावर पूल आणि पुलावर दगडाचा राखणदार. बारकी तोवर तेविशीची झाली होती. त्या दिवशी ती फारशी बोलत नव्हती.

लढाईत दोन्ही बाजूंनी एकेक फासा पडतो, मोठा पडेल तो आधी मारतो. राखणदाराचा मोठा पडला. वार कुणावर, हेही फासाच ठरवतो. पडला दिवट्यावर.

“गेला बिचारा,” टपालराव म्हणाले. “वरती गेल्यावर दुसरा भाड्यानं घेऊ.”

दादानं वाराचा फासा टाकला. फासा टेबलावर गरगरत होता. अजून एक नियम होता या घरात: फासा थांबायच्या आत कुणी ‘आडवा आलो’ म्हटलं, तर तो वार त्याचा.

“आडवी आले,” बारकी म्हणाली.

“अगं, भाड्याचा माणूस तो!” टपालराव म्हणाले.

फासा थांबला. सहा. काडीकडे इतका जीव कधीच नव्हता.

दादानं काडीला पुलावर आडवं केलं. पायाचा मेणाचा थेंब टेबलाला चिकटून तुटला. “बोल,” तो म्हणाला.

बारकीनं काडीकडे पाहिलं. मग बोळाच्या दाराकडे. मग दादाकडे. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. टपालरावांनी पेला खाली ठेवला.

“पुढच्या रविवारी सांगते,” ती म्हणाली.

पुढचा रविवार आला तेव्हा ती नव्हती. बुधवारी सकाळी तिनं बोळातली पिशवी उचलली आणि म्हणाली, बंदरावर नोकरी लागली आहे, आज निघायचंय. दादाच्या हातात ओला ठसा होता. घशाशी दोन शब्द आले. ते बाहेर पडले तर ती थांबेल, हे त्याला माहीत होतं. ती तशीच होती. त्यानं ते गिळले.

“छत्री घेतलीस?” त्यानं विचारलं.

“घेतली.”

हातातला ठसा दाबला गेला होता. त्या माणसाची कवळी नंतर दोनदा करावी लागली.

---

तेव्हापासून काडी पुलावर पडून आहे. सगळा पट, पूल, राखणदार, भोपळा, दिवट्या, एका लाकडी फळीवर तसाच्या तसा उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला, वरून आईचं एक जुनं फडकं. टपालराव रविवारी येत राहिले. चहा घ्यायचे, गप्पा मारायचे, मध्येच वर बघायचे. “माझा माणूस तिथे उभ्याउभ्या म्हातारा झाला रे,” म्हणायचे. दादा विषय बदलायचा.

संध्याकाळी मात्र एकटा असला की तो माणसं काढायचा. तीन फासे, सहा वेळा. ओठांतल्या ओठांत गाणं. एखाद्याला बळ चांगलं पडायचं, समज अजिबात नाही. दादाला वाटायचं, हा लवकर लग्न करेल आणि बायकोचं ऐकणार नाही. एखादीला रूप पडायचं आणि तब्येत तीन. तिच्यासाठी तो खिडकी लावून घ्यायचा. बिस्किटांचा डबा अशा माणसांनी भरला होता. त्यांना त्यानं कुठल्याच गोष्टीत सोडलं नाही. गोष्टीत सोडलं की लढाई आली, लढाई आली की वार आला. ही सगळी त्याच्या टेबलाभोवती तशीच बसून राहायची, कोरी, दात न बसवलेल्या कवळ्यांसारखी. तो जेवायचा तेव्हा डबा समोर असायचा.

आणि एक गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक नव्हती. स्वयंपाकघरात जाताना बोळाच्या मध्यावर तो पाय उचलायचा. तिथे काही नव्हतं. सपाट फरशी. तरी पाय गुडघ्याएवढा वर जायचा, पलीकडे टेकायचा. टपालरावांनी एकदा विचारलं होतं, “तिथे काय पायरी आहे का रे?” त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, “कुठे?”

मग एका रविवारी टपालराव चहा न पिताच बसून राहिले. पोस्टातून ते निवृत्त झाले होते, बायको आधीच गेलेली.

“मुलीकडे चाललोय,” ते म्हणाले. “कायमचा. जिन्यावरून पडलो ते तिला कुणीतरी सांगितलं. ऐकतच नाही.”

“कधी?”

“पुढचा रविवार आहे. त्याच्या पुढचा नाही.”

दादानं कपात चमचा फिरवला. साखर घातलीच नव्हती.

“तर पुढच्या रविवारी पूल पार करायचा,” टपालराव म्हणाले. “भोपळ्याला तसा सोडून मी जाणार नाही. मी फोन केलाय तिला.”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? बारकीला. येतेय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? तू सांगितलं असतंस का?”

दादा उठला, जबड्यांचा ट्रे उचलला, बोळातून मागे गेला, पाय उचलून. परत आला. “वाक्य सांगितलं की काडी मरेल,” तो म्हणाला.

“मग? मरायलाच पडलीय ती.”

“मग खेळ संपेल.”

टपालराव त्याच्याकडे बघत राहिले. चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. या माणसानं एवढी वर्षं एक पोरगी पुलावर जिवंत ठेवली होती. ती बोलली की ती जाणार, आपणही जाणार, आणि या टेबलापाशी उरणार बिस्किटांचा डबा. पण ती काय बोलणार होती, हे कळल्याशिवाय या माणसाला झोपही नव्हती, हेही त्यांना दिसत होतं.

“गाडी दुपारी येते,” ते एवढंच म्हणाले. “दाढी कर.”

---

ती आली. केस कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला, तळवे रुंद आणि घट्ट. गोदीत ती क्रेन चालवते. तिचं सामान एका खांद्यावर मावलं होतं.

“बळ चार,” टपालराव तिला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले. “आणि म्हणे क्रेन चालवते.”

“क्रेनला बळ लागत नाही काका, चपळाई लागते.” ती हसली. “तुमची एक ढाल शिल्लक आहे ना अजून? का विकली?”

“एकच ठेवली होतीस तू. खणखणतात म्हणे.”

दादा दारात उभा होता. “जेवलीस?”

“जेवले गाडीत.”

“हवा कशी आहे तिकडे?”

“बरी आहे.”

फोनवरचं बोलणं संपलं. आता ठेवायला फोन नव्हता.

“चहा टाकतो,” तो म्हणाला आणि बोळाकडे वळला. ती मागोमाग निघाली, कप घ्यायला. बोळाच्या मध्यावर दादानं पाय उचलला, गुडघ्याएवढा, पलीकडे टेकवला आणि पुढे गेला.

बारकी जागच्या जागी थांबली. त्या फरशीकडे बघत राहिली. दादानं आतून हाक मारली, “कप वरच्या फळीवर आहेत.” मग तिनं त्या फरशीवर पाय ठेवला, हळू, आणि आत गेली.

फळी खाली उतरवली. फडकं काढल्यावर सगळी माणसं धुळीनं मऊ झालेली दिसली. दिवट्याच्या मशालीचं टोक उडालं होतं. फाशांपैकी एकाचा कोपरा झिजलेला, तो तिनं आधी उचलला.

“हा अजून कमीच पाडतो का?”

“माहीत नाही,” दादा म्हणाला. त्यानं रोज संध्याकाळी तो फासा टाकला होता.

लढाई जिथे थांबली होती तिथून सुरू झाली. एकेक फासा. या वेळी राखणदाराचा लहान पडला. भोपळ्यानं मारलं, लागलं नाही. पुढच्या फेरीत राखणदारानं मारलं आणि टपालरावांनी ढाल मोडू दिली. “गेली,” ते म्हणाले. “इतकी वर्षं पाठीवर वागवली.” त्याच्या पुढच्या फेरीत भोपळ्याच्या वाराला सहा पडले आणि दगडाचा राखणदार काळ्या पाण्यात गेला. दादानं पाण्याचा आवाज सांगितला, लाटा सांगितल्या, त्या लाटांवर हलणारा उजेड सांगितला. त्याचा आवाज सुरुवातीला खरखरत होता, मग सुटला. टपालराव पुढे झुकून ऐकत होते. बारकी हनुवटी तळहातावर टेकून, डोळे मिटून. त्या अर्ध्या तासात ती आठ वर्षांची होती.

मग पूल शांत झाला. काडी आडवी. वर दिवट्या उजेड धरून.

“तर,” टपालराव म्हणाले.

“थांबा,” दादा म्हणाला. तो घाईनं बोलू लागला. “पुलाच्या पलीकडे झोपडी आहे. भोपळ्याला धूर दिसतो. तिथे एक वैद्यीण राहते. ती काडीला वाचवू शकेल. मी सांगणारा आहे, मला तेवढा अधिकार आहे.”

“इतकी वर्षं कुठे होती ही बाई?” टपालरावांनी विचारलं.

“होती. दिसली नव्हती.”

“दादा,” बारकी म्हणाली.

“पाला लावेल ती. दोन-तीन आठवडे काडी पडून राहील, पण उठेल. पुढच्या वेळी तू येशील तेव्हा...”

“दादा, वैद्यीण नाहीये.”

तो थांबला.

“पानं चिकटली होती म्हणून आपण नियम लिहिले,” ती म्हणाली. “आईनं लिहिला हा. तो आता बदलायचा नाही.” तिनं आडव्या काडीवरची धूळ करंगळीनं पुसली. “येताना गाडीत एक वाक्य ठरवलं होतं मी. चांगलं होतं. तुला बरं वाटलं असतं. पण मघाशी बोळात तुला बघितलं, आता ते चालणार नाही. ते खरं नव्हतं.”

दादाचे हात टेबलावर होते. नखांच्या कडांना प्लास्टर, तळव्यांना मेणाचा वास. त्या हातांनी त्यानं कितीतरी माणसांना घास चावता येईल, बोलता येईल, असं केलं होतं. आता ते कुठे ठेवावेत, हे त्याला कळत नव्हतं.

“मग?” तो म्हणाला.

“मी दिवट्यासाठी आडवी का आले, माहीत आहे? काडी मेली की मला वाक्य सांगायलाच लागेल म्हणून. दुसऱ्या कुठल्या वेळी मला जमलं नसतं. आणि मग तिथेही नाही जमलं.”

“हे वाक्य धरायचं का?” टपालरावांनी हळूच विचारलं.

“नाही काका. हे नुसतं बोलणं.”

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. खिडकीपाशी आईचं यंत्र होतं, त्यावर दुपारचं ऊन आलं होतं. बारकीनं एकदा तिकडे पाहिलं, मग लहानपणी धरायची तशी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

“दादा,” ती म्हणाली, “माझी पिशवी महिनाभर त्या बोळात होती, रोज थोडी थोडी भरत होती, आणि तू रोज तिच्यावरून पाय उचलून गेलास.”

एकच वाक्य. खरं.

टपालरावांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं सोडून नुसता हातात धरून बसले. नियमाप्रमाणे आता सांगणाऱ्यानं म्हणायचं असतं, मेली. मग चिठ्ठी उलटी करायची, गडी पटावरून उचलायचा. दादानं हात पुढे केला, पण काडीला उचललं नाही. त्यानं दिवट्याला उचललं. बोटभर माणूस, मशालीचं टोक उडालेला, तोंड न कोरलेला. त्यानं तो पुलावर पुढे सरकवला, काडीच्या अगदी जवळ, तिच्या डोक्याशी.

“दिवट्या बोलतोय,” दादा म्हणाला.

“भाड्याचा माणूस बोलत नाही,” टपालराव सवयीनं म्हणाले.

बारकीनं मान वर केली. तिचं सामान दाराशी होतं, उद्या सकाळची गाडी होती, तिकडे तिचं काम होतं, घर होतं, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. दादाच्या घशाशी ते दोन शब्द आले, तेच, इतक्या वर्षांचे. या वेळी त्यानं ते गिळले नाहीत.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.